येरवडा शहरात असूनही पलीकडचं का राहिलं?

विचारणारं जोडपं नोकरीनिमित्त येरवड्यात राहायला आलं आहे. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यात मध्यवर्ती कारागृह, मनोरुग्णालय, आगाखान पॅलेस, डेक्कन कॉलेज, गोल्फचं मैदान, दाटीवाटीच्या वस्त्या आणि काचेचे आयटी पार्क हे सगळं एका जागी आलं कसं? मूळ गाव कुठे गेलं? आणि जाता जाता एक व्यवहाराचा प्रश्न: नदीच्या बाजूचा फ्लॅट बघतोय, घ्यावा का?

फ्लॅटचं शेवटी सांगतो, कारण त्याचं उत्तर आधीच्या इतिहासातूनच निघतं.

नगररचनेच्या कामात बरीच वर्षं काढल्यामुळे एक सवय लागली आहे. नदीकाठच्या उपनगराचा इतिहास कुणी विचारला की मी देवळं, वाडे, सरदार यांच्याकडे नंतर वळतो. आधी बघतो ते लोक नदी कुठून ओलांडत होते. पायउतार (चालत नदी पार करता येईल अशी उथळ जागा) कुठे होता, बंधारा कधी पडला, पूल कधी झाला. येरवड्याला ही किल्ली फार चांगली लागते. नदी ओलांडणं जसजसं सोपं होत गेलं तसतसं पुण्याने या काठाकडून काय मागायचं ते बदलत गेलं. आणि जुनी गरज सरली तरी तिच्यासाठी घेतलेली जमीन सहसा कुणी सोडली नाही. म्हणून चार वेगवेगळ्या काळांचे वापर आज इथे एकमेकांना खेटून उभे आहेत.

आधी भूगोल. मुठा नैर्ऋत्येकडून पेठांच्या कडेने येते. मुळा पश्चिमेकडून, दापोडीजवळ पवनेला पोटात घेऊन, बोपोडी-खडकीला वळसा घालून येते. संगमावर दोघी मिळतात आणि मुळामुठा पूर्वेकडे निघते. डाव्या काठाला येरवडा, उजव्या काठाला बंडगार्डन आणि कोरेगाव पार्क. पुढे मुंढवा, खराडी, मांजरी करत ती रांजणगाव सांडसजवळ भीमेला जाऊन मिळते. जुनं पुणं मुठेच्या उजव्या काठावर वसलेलं असल्यामुळे पेठांमधून येरवड्याला जायचं तर नदी एकच ओलांडावी लागते. पण ती दोन नद्यांचं पाणी घेऊन आलेली असते. शनिवारवाड्यामागून मुठा पार करणं आणि येरवड्यापाशी मुळामुठा पार करणं यात पावसाळ्यात जमीन-अस्मानाचा फरक. पुणं पलीकडे वाढायला लागलं ते आधी मुठेपलीकडे, भांबुर्ड्याच्या म्हणजे आजच्या शिवाजीनगरच्या बाजूला. येरवडा त्या मानाने उशिरा हाताशी आलं, त्याचं मोठं कारण हे.

पण रस्ता जुना होता. पुण्याहून नगरला जाणारी वाट इथूनच नदी पार करून जायची आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात ती पायउतारावरून पार व्हायची. या उताराने एकदा तर मराठी राज्याच्या इतिहासात हात घातला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, संगमावरची ब्रिटिश रेसिडेन्सी जाळली गेली, हे शाळेत वाचलेलं असतं. त्यानंतरचे दहा-बारा दिवस मात्र पुस्तकांत दोन ओळींत उरकतात. जनरल स्मिथ घोडनदीकडून म्हणजे शिरूरच्या बाजूने फौज घेऊन १३ तारखेला पुण्याजवळ पोचला. मधे नदी. पलीकडे घोरपडीच्या माळावर बापू गोखल्यांच्या हाताखाली पेशव्यांचं सैन्य. हल्ल्याची तयारी झाली होती, पण उताराची अडचण निघाली आणि बेत पुढे ढकलावा लागला. १६ तारखेच्या संध्याकाळी फौज येरवड्याच्या उतारावरून पाण्यात उतरली, तिथे झटापट झाली आणि त्याच रात्री बाजीरावाने छावणी सोडून साताऱ्याची वाट धरली. १७ ला शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. येरवड्याची लढाई म्हणतात ती हीच. नोव्हेंबरात, पाऊस संपल्यावरही, तोफा घेऊन ही नदी पार करायला एका सज्ज सैन्याला थांबावं लागलं. यावरून गाडी-बैलवाल्या माणसाला जुलैत ती कशी वाटत असेल याचा अंदाज करा. दीड महिन्याने, १ जानेवारी १८१८ ला, कोरेगाव भीमाची लढाई झाली तीही याच नगरच्या वाटेवर.

म्हणजे १८१७ पर्यंत येरवडा हे एका मोठ्या वाटेवरचं, उताराच्या तोंडाशी असलेलं शेतकरी गाव होतं. तारकेश्वराची टेकडी, खाली गावठाण, नदीच्या अंगाला मळईची जमीन, वर माळ. गाव कुठे गेलं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: ते गेलेलं नाही. पूल उतरून मोठा रस्ता सोडा आणि आत शिरा. जिथे गल्ली सरळ जायचं सोडून घरांच्या कोपऱ्यांना बिचकत वळायला लागते, तिथे गावठाण सुरू झालं असं समजा. भूमापनाच्या नकाशावर हे आणखी स्वच्छ दिसतं. गावठाणाचे तुकडे चिमूटभर, वेडेवाकडे, एकात एक अडकलेले. त्याला लागून एकदम एखादा भलामोठा रिकामा आकार येतो, ज्याच्या पोटात एकही विभागणी नाही. तो सरकारी. येरवड्याचा नकाशा पहिल्यांदा हातात घेणाऱ्या माणसाला या लहान-मोठ्याच्या फरकानेच निम्मा इतिहास कळतो.

इंग्रजी अमलात पहिली गोष्ट झाली ती बंधारा. लष्करी छावणीला पाणी हवं होतं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५० च्या सुमारास येरवड्यापाशी नदीवर बांध घातला गेला आणि तिथून पाणी उपसून लष्कराच्या बाजूला पुरवलं जाऊ लागलं. 'बंडगार्डन' नावातला बंड तो हाच. (कागदोपत्री बागेचं नाव आता महात्मा गांधी उद्यान आहे, पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा.) पुढे १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण आणि कालवा आला आणि या उपशाचं महत्त्व ओसरलं. बंधारा मात्र राहिला आणि त्याच्यामागे तुंबलेलं संथ पाणीही राहिलं. साहेबलोकांना संध्याकाळी फिरायला, नौकानयनाला छान जागा झाली. नदीचा स्वभाव या एका भिंतीने बदलला, तो आजतागायत बदललेलाच आहे. जलपर्णीचे थर दरवर्षी बरोबर याच पट्ट्यात का साचतात, असं कुणी विचारलं तर मैलापाण्याच्या बरोबरीने या संथ पाण्याचंही नाव घ्यावं लागेल.

दुसरी गोष्ट पूल. मुळेवर खडकीच्या अंगाला होळकर पूल होता, पण शहर-लष्कराकडून येणाऱ्याला तो लांबचा वळसा. १८६७ मध्ये बंधाऱ्याजवळ दगडी कमानींचा फिट्झजेराल्ड पूल झाला. त्या वर्षी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झालेल्या सर सेमूर फिट्झजेराल्डचं नाव त्याला मिळालं. पुलाच्या तोंडाशी सिंह बसवलेले आहेत. लोक त्यांचे फोटो काढतात आणि पुढे जातात. जरा थांबून कमानींची रुंदी आणि खांबांची जाडी बघा. पुराचं पाणी, त्यातून वाहत येणारी झाडंझुडपं हे सगळं डोळ्यासमोर ठेवून केलेलं काम आहे. नंतर शेजारी नवे पूल झाले, जुन्यावरची जड वाहतूक थांबली.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. पूल १८६७. डेक्कन कॉलेज येरवड्याच्या इमारतीत आलं १८६८. मध्यवर्ती तुरुंग १८७१. चार वर्षांत नदीपलीकडचा काठ शहराच्या कामाला जुंपला गेला. सगळं श्रेय पुलाला देऊ नका. कॉलेजची पायाभरणी १८६४ मध्येच झाली होती, त्यामुळे तो निर्णय पुलाच्या आधीचा. पण ज्या दशकात पूल बांधायचं ठरतं त्याच दशकात पलीकडच्या स्वस्त, मोकळ्या, उंचवट्यावरच्या जमिनीवर नजर जाते, हे कुठल्याही शहरात दिसतं.

डेक्कन कॉलेजचं स्थलांतर फार बोलकं आहे. या संस्थेचं मूळ १८२१ च्या हिंदू कॉलेजात, भर पेठेतल्या विश्रामबागवाड्यात. तिथून निघून ती शहराबाहेर नदीपलीकडे, कॅप्टन विल्किन्सने रचलेल्या गॉथिक वळणाच्या दगडी इमारतीत गेली. याही इमारतीला जीजीभॉय यांचीच देणगी. शंभराहून जास्त एकरांचं आवार, वसतिगृह, टेकडी, खाली नदी. पेठेतल्या मुलाला घरून रोज जाऊन-येऊन शिकणं अवघड, म्हणून तो तिथेच राहायचा, आणि राहिल्यामुळे रात्र रात्र वाद घालायचा. टिळक आणि आगरकर इथेच शिकले, दोघांची ओळख इथेच झाली, शाळा काढायच्या गप्पा इथल्याच टेकडीवर रंगल्या. टिळकांची खोली अजून जपून ठेवली आहे. १९३४ मध्ये सरकारने कॉलेज बंद केलं आणि १९३९ मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया ही त्यानंतरची नावं.

आणि तुरुंग. तो इथेच का, यावर लोक बऱ्याच गोष्टी सांगतात. माझं मत साध्या हिशेबाचं आहे. मोठ्या तुरुंगाला चार गोष्टी लागतात: भरपूर जमीन, बारमाही पाणी, शहरापासून थोडं अंतर, आणि गडबड झाली तर तासाभरात पोचेल अशी फौज. येरवड्याला जमीन होती, बंधाऱ्यामुळे पाणी होतं, मधे नदी होती, आणि पुणे व खडकी अशा दोन छावण्या दोन बाजूंना होत्या. पूल झाल्यावर पोलीस, वकील, न्यायाधीश, धान्याच्या गाड्या यांचीही सोय लागली. पाचशेहून जास्त एकरांचा हा परिसर दक्षिण आशियातल्या मोठ्या तुरुंगांत गणला जातो.

चापेकर बंधू आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे यांना १८९८-९९ मध्ये इथे फाशी झाली. पहिल्या राजद्रोहाच्या शिक्षेत टिळकही काही काळ याच तुरुंगात होते. ज्या काठावर वीस-बावीस वर्षांपूर्वी ते कॉलेजात शिकत होते, त्याच काठावर, फार तर काही किलोमीटरवर, ते कैदी म्हणून आले. गांधीजी तर इतक्या वेळा आले की त्यांनी या जागेला 'येरवडा मंदिर' म्हणायला सुरुवात केली. १९२२ ते २४ चा पहिला कारावास ॲपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेने संपला. त्यासाठी त्यांना नदी ओलांडून ससूनला आणावं लागलं, १२ जानेवारी १९२४ ला कर्नल मॅडॉकने शस्त्रक्रिया केली आणि पुढच्या महिन्यात त्यांची सुटका झाली. मिठाच्या सत्याग्रहानंतर १९३० मध्ये ते पुन्हा इथे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकार आणि काँग्रेस यांच्यात सप्रू-जयकर या नेत्यांनी चालवलेल्या मध्यस्थीची बोलणी व्हावीत म्हणून मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरूंना नैनीच्या तुरुंगातून इथे आणलं गेलं होतं. म्हणजे देशाच्या वाटाघाटींची बैठक येरवड्याच्या भिंतीआड भरली होती. पेटीत बंद करून नेता येणारा चरखा 'येरवडा चक्र' म्हणून ओळखला जातो, तोही या कारावासांची आठवण.

मग १९३२. ऑगस्टमध्ये दलितांना स्वतंत्र मतदारसंघ देणारा ब्रिटिश सरकारचा जातीय निवाडा जाहीर झाला, २० सप्टेंबरला गांधीजींनी तुरुंगातच उपोषण सुरू केलं, आणि २४ तारखेला पुणे करार झाला. डॉ. आंबेडकरांना वाटाघाटीसाठी इथेच यावं लागलं. निवाड्यातले स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत दलितांसाठी १४८ राखीव जागा आल्या. या कराराबद्दल आजही तीव्र मतं आहेत, आणि ती असायलाच हवीत. एका माणसाच्या जिवाचं ओझं समोर ठेवून दुसऱ्याला सही करावी लागली, हे जागेच्या इतिहासात पुसट करून चालणार नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात एकवीस दिवसांच्या उपोषणासाठी गांधीजींना सोडलं, तेव्हा ते लेडी ठाकरसींच्या 'पर्णकुटी' बंगल्यावर राहिले. पर्णकुटी चौक रोज ओलांडणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असतं, देव जाणे.

तुरुंगाबरोबर आणखी एक प्रवृत्ती इथे रुजली. शहराला जे हवं असतं पण डोळ्यासमोर नको असतं, ते पलीकडच्या काठावर जायला लागलं. अडीच हजारांच्या आसपास मंजूर खाटांचं मनोरुग्णालय आलं, जे आशियातल्या मोठ्यांपैकी एक मानलं जातं. मुलांचं निरीक्षणगृह आलं. आणि त्याच माळावर, त्याच स्वस्त मोकळ्या जमिनीमुळे, श्रीमंतांचेही शौक आले: गोल्फचं मैदान, टेकडीवरचे बंगले, आणि १८९२ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी बांधलेला राजवाडा. आसपासच्या दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून तो बांधला असं सांगतात. वेड्यांचं इस्पितळ आणि राजवाडा यांच्यात लोकांना विसंगती वाटते. जमिनीच्या दृष्टीने पाहिलं तर दोघांची गरज एकच होती: मोठं आवार, शेजार नको, आणि गाडीने शहरात लवकर पोचता यावं.

राजवाड्याचाही शेवटी तुरुंगच झाला. ९ ऑगस्ट १९४२ च्या धरपकडीनंतर गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू यांना इथे ठेवलं. आठवड्याभरात, १५ ऑगस्टला, महादेवभाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या आवारातच, नदीच्या बाजूला आहेत. ६ मे १९४४ ला गांधीजी सुटले. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला दिली.

स्वातंत्र्यानंतरचा भाग लोक घाईत उरकतात, पण तुम्ही ज्या येरवड्यात राहता ते मुख्यतः या काळात घडलं. मोठमोठी सरकारी आवारं आधीच कुंपण घालून बसली होती. त्यांच्या मधे जी जमीन उरली, म्हणजे रस्त्याच्या कडा, नाल्याकाठ, टेकडीचे उतार, नदीचा पूर येणारा पट्टा, तिथे माणसं राहायला लागली. नगर रस्ता म्हणजे मराठवाडा आणि नगरकडून पुण्यात येण्याचा दरवाजा. १९७२ च्या दुष्काळात याच रस्त्याने कामाच्या शोधात कुटुंबं आली. लष्कर, बांधकामं, लोहगावचा विमानतळ, नगर रस्त्यावरचे कारखाने, सगळं चालत किंवा सायकलवर जाता येईल इतकं जवळ. शहरात पाय ठेवायला यापेक्षा सोयीची जागा नव्हती.

जेल रोडने एकदा सावकाश जा. एका हाताला लांबच लांब भिंत, तिला छेदणारी एकही गल्ली नाही. दुसऱ्या हाताला मात्र दर काही पावलांवर बोळ फुटतो. भिंतीच्या बाजूची जमीन एका मालकाची, समोरची शेकडो कुटुंबांची. त्यामुळे सगळी वाहतूक मोजक्या चौकांवर येऊन पडते, पर्यायी रस्ता काढायचा तर कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या आवारातून जावं लागतं, आणि ती परवानगी मिळत नाही. गुंजन चौकात तुम्ही रोज अडकता त्याचं मूळ १८७१ च्या जमीनवाटपात आहे, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती समजू नका. त्यात भर म्हणजे तुरुंगाच्या भिंतीलगत बांधकामाला बंधनं आणि विमानतळामुळे इमारतींच्या उंचीला मर्यादा.

वस्त्यांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण ती देशभरच्या नगररचनाकारांनी येऊन पाहिली. जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या काळात येरवड्यातल्या काही वस्त्यांत घरं पाडून लोकांना दूर टॉवरमध्ये हलवण्याऐवजी आहे त्या जागीच पक्की घरं बांधून देण्याचा प्रयोग झाला. प्रत्येकी २७० चौरस फूट, लाभार्थीचा वाटा दहा टक्के. गल्ल्या जवळपास होत्या तिथेच ठेवल्या. ज्याचं घर अरुंद त्याचं दोन मजली, ज्याच्याकडे जागा थोडी जास्त त्याचं बैठं, आणि शेजारी राजी असतील तर दोन-तीन घरं मिळून एक इमारत. स्वयंसेवी संस्था, महिलांचे गट आणि वास्तुरचनाकार यांनी घरोघर जाऊन मोजमापं घेतली. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात अर्ध्या फुटासाठी भांडणं मिटवावी लागतात, बांधकाम चालू असताना कुटुंबाला शेजारच्याच गल्लीत तात्पुरतं राहायला जागा शोधावी लागते, आणि जिना कुणाच्या दारात उतरणार यावर आठवडे जातात. तरीही दूरच्या पुनर्वसनापेक्षा हे मला कितीतरी शहाणपणाचं वाटतं, कारण माणसाचं काम, शाळा आणि उधार देणारा वाणी तिथेच राहतो.

येरवड्याच्या पूर्वेकडच्या अंगाला, नदीकाठी, कल्याणीनगर उभं राहिलं ते शेतजमिनींवर, गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. मग आयटी आलं. जेल रोडला आणि नगर रस्त्याला आयटी पार्क येण्याचं कारण पुन्हा जुनंच: विमानतळ जवळ, कोरेगाव पार्क पुलापलीकडे, आणि मोठे अखंड तुकडे अजून शिल्लक. नदीकाठी डॉ. सालिम अली यांच्या नावाचा पक्ष्यांचा पट्टा आहे. एकेकाळी त्यांच्यासह पुण्याचे पक्षीनिरीक्षक तिथे यायचे. राडारोडा, कचरा आणि रस्त्याच्या आखणीने तो कोपऱ्यात ढकलला गेला आहे. नदी ओलांडणारी सगळ्यात नवी वाट म्हणजे मेट्रो. रुबी हॉल ते रामवाडी मार्ग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, येरवडा स्थानक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. ज्या ओलांडणीला १८१७ मध्ये फौज थांबली ती आता मिनिटाभराची आहे, आणि जमिनीचे भाव त्याच वेगाने धावत आहेत. तुरुंग इथून हलवावा अशा चर्चा अधूनमधून ऐकू येतात, त्या या भावांच्या पार्श्वभूमीवर ऐकाव्यात.

आता नदी आणि तुमचा फ्लॅट. पुण्यात पूर म्हटलं की १२ जुलै १९६१ आठवतो: पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्यामुळे पुणेकराच्या डोक्यात पूर म्हणजे मुठा. येरवड्यासाठी हे अपुरं आहे. तुमच्यासमोरून खडकवासला साखळीतल्या चार धरणांतून सुटलेलं पाणी तर जातंच, पण मुळशी आणि पवनेकडचं पाणीही मुळेतून येऊन संगमावर त्यात मिळतं. दोन्हीकडून एकाच वेळी विसर्ग वाढला की मुठेकाठी घोट्याइतकं पाणी असतानाही येरवड्यात छाती बुडू शकते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२४ मध्ये शांतीनगर, इंदिरानगर या नदीकाठच्या वस्त्यांतून लोकांना हलवावं लागलं. पूल, भराव, बंधारा या प्रत्येकाने पाण्याची वाट थोडी थोडी अडवलेली आहे. मार्च २०२२ मध्ये पायाभरणी झालेल्या ४४ किलोमीटरच्या नदीसुधार प्रकल्पातही बंडगार्डनचा टप्पा आधी हाती घेतला गेला. काठावर फिरायला छान जागा झाली आहे, हे मान्य. पण उतरत्या मातीच्या काठाऐवजी बांधीव काठ आला की पुराला पसरायला जागा कमी मिळते, ही माझी शंका त्या सुशोभीकरणाने मिटलेली नाही.

फ्लॅट घ्यायचाच असेल तर बिल्डरच्या माहितीपत्रकातला 'रिव्हर व्ह्यू' बाजूला ठेवा आणि कागद मागा. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. तिच्या आत निवासी बांधकाम असेल तर तिथेच विषय संपला. लाल रेषा शंभर वर्षांत एकदाच्या पुराची. निळी आणि लाल यांच्या मधे इमारत असेल तर जोत्याची उंची, तळघर, वीजमीटर आणि जनरेटर कुठे आहेत ते स्वतः जाऊन बघा. मंजूर नकाशावर रेषा दाखवली आहे का, आणि ती जलसंपदा विभागाने निश्चित केलेलीच आहे का, हे ताडून घ्या. जागेची मिळकत पत्रिका काढा आणि मूळ सातबारापर्यंत मागे जा. मधे कुठे सरकारी धारणा, संस्थेला दिलेली जमीन किंवा भाडेपट्टा आला असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. इथे असे तुकडे बरेच आहेत, कारण वर सांगितलं ते. आणि शक्य असेल तर जुलैअखेर, दोन्हीकडच्या धरणांतून विसर्ग चालू असताना, एकदा पार्किंगमध्ये उभे राहून या. तळमजल्यावरच्या रखवालदाराला २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारा. नवीन इमारत असेल तर शेजारच्या जुन्या सोसायटीच्या रखवालदाराला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.